पैलतीरावरचं ऊन

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की जिच्या काठी ती घडली, त्या नदीनं तेव्हापासून आपलं पात्रही बदललं म्हणतात.

त्या काठी, एका उंच कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात केरू नावाचा नावाडी राहायचा. घरात एकटाच होता, पण त्याला एकटं असं कुणी पाहिलंच नव्हतं. पावसाळाभर नदी दुथडी भरून वाहायची. शेतं पैलतीरी, बाजार पैलतीरी, देवीचं देऊळही पैलतीरी. त्यामुळे माहेरवाशिणी, शेळ्या, नवरदेव, भांडून निघालेले भाऊ, सगळे केरूच्याच नावेत बसायचे. वल्हं मारता मारता तो सगळ्यांशी बोलायचा, सगळ्यांचं ऐकायचा. भांडलेले भाऊ पलीकडे उतरताना एकमेकांचं ओझं उचलू लागतात, असं लोक हसून सांगायचे.

पण मार्गशीर्ष लागला, की नदीचं पाणी ओसरायचं. खालच्या अंगाला उताराचे दगड उघडे पडायचे आणि लोक धोतर खोचून चालतच पलीकडे जायचे. काठावरून येणारी केरूच्या नावाची हाक बंद व्हायची. त्यात सूर्य दक्षिणेला झुकला, की त्या उंच कड्याची सावली गावावर पडायची, ती दिवसातला बराच वेळ हटायची नाही. पैलतीर उन्हात न्हायलेला आणि गाव मात्र सावलीत गारठलेलं.

दर हिवाळ्यात केरू जरा गप्प व्हायचा. त्या वर्षी मात्र गप्पपणा खोल गेला. सकाळी उठवेना. भाकरी मातीसारखी लागे. जागं असताना झोप यावीशी वाटे आणि झोपलं की झोप येत नसे. शेजारच्यांनी शेकोटीला बोलावलं, तर तो येतो म्हणाला आणि गेला नाही. दुसऱ्यांदाही गेला नाही. मग लोकांनी बोलावणं सोडून दिलं. त्यात कुणाचा राग नव्हता. थकला असेल बिचारा, पडू दे, असं म्हणून जो तो आपल्या कामाला लागला.

केरूला मात्र वाटलं, आपण आळशी झालो. धडधाकट माणूस आणि दिवसभर घोंगडीत! त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. लाजेपायी त्यानं दार लावून घेतलं. दार लावल्यावर आत अंधार वाढला, अंधार वाढल्यावर बाहेर जावंसं वाटेना.

एके सकाळी घरातलं सरपण संपलं. सरपण आणायचं म्हणजे रानात जायचं, वाटेत चार माणसं भेटणार, चौकशी करणार. ते नको म्हणून केरू कुऱ्हाड घेऊन फक्त काठापर्यंत गेला. तिथं त्याची नाव पालथी पडली होती. पाण्याअभावी लाकूड सुकून फळ्यांमध्ये फटी पडल्या होत्या. 'हिची तरी आता कुणाला गरज आहे?' असं मनाशी म्हणत त्यानं नावेच्या काठावर पहिला घाव घातला.

काठाला लागूनच हौसाक्काचं घर होतं. म्हातारीनं तो आवाज ऐकला. काठावर तोडण्यासारखं दुसरं लाकूड नाही, हे तिला ठाऊक होतं. ती काठी टेकत बाहेर आली. तिनं नावेवरचा घाव पाहिला, मग केरूचे खोल गेलेले डोळे पाहिले. ती रागावली नाही. काय झालं म्हणूनही विचारलं नाही.

"केरू, मला पैलतीरी ने," ती म्हणाली.

उतार चालू आहे, कुणाचाही हात धरून जा, असं केरूनं सांगितलं. त्यावर अक्का म्हणाली, हात धरायला माणसं पुष्कळ आहेत, पण त्या गार पाण्यात पाय घातला की गुडघे ठणकतात. आणि ऊन तर सगळं पलीकडे आहे. केरूनं फटी दाखवल्या. आज नाव पाण्यात जाणार नाही म्हणाला.

"मग तू फटी भर. मी बसते इथं."

आणि ती खरंच एका धोंड्यावर बसली. म्हातारी सावलीत कुडकुडत बसलीय आणि आपण घोंगडीत शिरायचं, हे केरूला जमेना. त्यानं अंबाडीचे धागे आणले, राळ पातळ केली आणि फटी भरायला घेतल्या. हात आधी जड होते. दुपारनंतर जरा सुटले. पहिल्या घावाची खोकही त्यानं बुजवली.

दुसऱ्या दिवशी त्याला उठावंसं वाटलं नाही. पण अक्का काठावर उभी असणार, एवढ्या एका विचारानं तो उठला. ती उभी होतीच.

उताराच्या वरच्या अंगाला डोहात अजून खोल पाणी होतं, तिथून नाव पलीकडे गेली. पैलतीरी वाळू उबदार होती. हरभऱ्याच्या शेतावरून आंबटसर वास येत होता. अक्का पाय पसरून बसली. केरू नाव वळवू लागला, तेव्हा ती म्हणाली, मला न्यायला परत यावंच लागेल, मग कशाला हेलपाटा? तो बसला. ऊन पाठीवर आलं.

मग केरू वाळूकडे बघत म्हणाला, "अक्का, मला काय झालंय ते कळत नाही. दुखत काही नाही, पण सगळं जड वाटतं. मी नसलो तरी कुणाचं काही अडणार नाही, असं वाटतं."

अक्कानं हे हसण्यावारी नेलं नाही. तिनं आपली गोष्ट सांगितली. नवरा गेला त्या हिवाळ्यात तीही अशीच दार लावून बसली होती. तिची जाऊ रोज मेथीच्या जुड्या घेऊन यायची आणि शेजारी बसून निवडायची. उपदेश काही नाही, नुसती भाजी निवडायची. त्या जुड्यांनी तिला हळूहळू बाहेर आणलं.

"पाय मुरगळला तर आपण गावभर सांगतो," अक्का म्हणाली, "आणि मन मुरगळलं की लपवतो. हा आळस नाही, बाबा. दुखणं आहे. दुखण्याला ऊब लागते आणि माणूस लागतं. उद्याही मला आणायचंस. आणि जेवून यायचंस. उपाशी नावाड्याच्या नावेत मी बसणार नाही."

केरू दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाऊन आला. अक्कानं विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, म्हणून उरलेली अर्धी तिनं पदराच्या गाठीतून काढून दिली.

हळूहळू बातमी पसरली. सांधे धरलेले म्हातारे आले, तान्हं बाळ घेऊन बाळंतीण आली. पैलतीरी हरभऱ्याचा हुळा भाजला जाऊ लागला. उन्हातल्या चांगल्या जागेवरून दोन आजोबा रोज भांडू लागले.

सगळेच दिवस चांगले नव्हते. एका सकाळी केरूला पुन्हा जड वाटलं. या वेळी त्यानं ते लपवलं नाही, अक्काला सरळ सांगितलं. अक्का म्हणाली, तू नुसता बस. मग त्या दोन आजोबांनी वल्ही हातात घेतली. एक डावीकडे ओढी, दुसरा उजवीकडे. नाव डोहाच्या मधोमध भोवऱ्यासारखी फिरू लागली. बाळ खिदळलं, आजोबा एकमेकांना दोष देऊ लागले, आणि केरूला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी फुटलं होतं ते. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही त्यानं पुसलं नाही.

पुढच्या वर्षी कड्याची सावली गावावर यायच्या आधीच केरूनं नावेची डागडुजी करून ठेवली. मग तो अक्काकडे गेला आणि म्हणाला, माझं दार सलग दोन दिवस बंद दिसलं, तर विचारत बसू नकोस, सरळ आत ये. त्या हिवाळ्यात त्याचं मन उदास झालं नाही असं नाही. पण उदासी आली तशी गेली. आणि गावात दुसऱ्या कुणाचं दार बंद दिसलं, की केरू स्वतः त्या दारात उभा राही. लोहाराची नवी सून दूर देशाहून आली होती आणि चुलीपुढून हलत नव्हती. तिला त्यानं एवढंच सांगितलं, की नाव निघाली आहे आणि तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. ती आली. पुढे तिचं हसणं अलीकडच्या काठापर्यंत ऐकू येऊ लागलं.

म्हणून जाणती माणसं सांगतात: मनाला गारठा चढला तर दार लावून बसू नये, उन्हात जावं, आपल्या माणसाला सांगावं, आणि दुसऱ्याचं दार बंद दिसलं तर ते आपणहून वाजवावं.