गिरजाक्काची ओली भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा खडकाळी गावात एकही झाड नव्हतं, असं म्हणतात. आज तीन आहेत, म्हणजे फार काही बदललंय असं नाही.

गावाबाहेर माळावर गोरगरिबांची पाचटाची खोपटं होती. थंडीत सरपण गोळा करता करता माणसं थकून जात, आणि वैशाखात खोपटं अशी तापत की दरसाल दोन-तीन तान्ही पोरं दगावत. गावातल्या चिरेबंदी घरांत गारवा होता, तेव्हा कुणाला त्याचं काय?

मग भिंती घालणारी गिरजाक्का आली. कुठून आली, कुणालाच माहीत नाही. माळावरची कोंडाबाई उन्हानं मलूल झालेल्या लेकीला मांडीवर घेऊन खोपटाच्या दारात बसली होती. आक्का म्हणाली, "ऊठ बाय. घर बांधू."

"चिरं कुठनं आणू, आक्का?"

"पायाखाली माती हाय की."

आक्कानं तिथलीच माती खणली, भुसा मिसळला, नऊ दिवस भिजवून रोज तुडवली. मग दीड हात जाडीची भिंत घातली, दिवसाला एक हातच उंच. आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही. वर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, घातलं आणि त्यात गरम हवा जायला झरोका ठेवला. त्या घरात वैशाखातही लोणी वितळत नसे, आणि पौषात शेकोटी लागत नसे, असं म्हणतात. कोंडाबाईची लेक जगली.

ज्याचं घर होईल त्यानं पुढच्या दोन घरांचा चिखल तुडवायचा, एवढीच आक्काची अट होती. अशी बत्तीस घरं झाली. आक्का मात्र पाचटाच्या खोपटातच राहिली. विचारलं की म्हणायची, "आधी त्यांचं हुंदे." ती म्हातारी झाली, ऊन सोसेना. येत्या वैशाखात आक्का टिकत नाही, हे कोंडाबाईला दिसत होतं.

चैत्रात आक्का दहा दिवसांसाठी शेजारच्या गावी भिंत घालायला गेली. कोंडाबाईनं बत्तीस घरांतली माणसं गोळा केली. आक्का यायच्या आत तिचं घर उभं करायचं ठरलं. पण नऊ दिवस चिखलातच गेले तर भिंत कधी चढणार? कोंडाबाईच म्हणाली, "तीन दिस पुरं. एवढी माणसं तुडवाय हाईत." भिंतीही तिनंच दोन-दोन हात चढवून घेतल्या. वरून पांढऱ्या मातीचा हात मारला आणि ओल दिसेनाशी झाली.

आक्का आली. तिनं भिंतीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. कोंडाबाई तिच्या तोंडाकडे बघत होती. मग आक्का हसली.

"लई ग्वाड झालंय घर," ती म्हणाली. "आता पोरास्नी घिऊन समदी भाईर जावा. मला जरा एकटीला पडू द्या."

सगळे आनंदानं बाहेर गेले. दुपार कलायच्या आत ती ओली भिंत खचली, आणि आक्का तिच्याखाली गेली.

त्या दिवशी बत्तीसही घरांच्या भिंती आतून पाझरल्या, असं म्हणतात. चैत्राच्या कोरड्या उन्हात त्या नऊ दिवस वाळल्या नाहीत.

कोंडाबाई पुढे पुष्कळ जगली, पण सुखानं नाही. जिनं जन्मभर भिंती घातल्या, तिच्या हाताला ओल कळली नसेल? कळलीच असणार. मग बोलली का नाही? आपलं मन मोडू नये म्हणून? हे मनात आलं की कोंडाबाईला रडू यायचं, आणि आक्काचा रागही यायचा. "तोंडावर बोलली असतीस तर दोन दिस रुसले असते गं," ती त्या ढिगाऱ्याशी बोलायची. "दोनच दिस."

खडकाळीत अजूनही बेघर माणसाचं घर सारा गाव मिळून बांधतो. गृहप्रवेशाच्या दिवशी पाहुणे जमतात, स्वयंपाक होतो. उंबरठा ओलांडण्याआधी गावातली एक म्हातारी भिंतीला तळवा लावते, आणि घरधनी सर्वांदेखत तिला विचारतो, "खरं सांग, आक्का."

ओल असेल तर ती सांगते. मुहूर्त मोडतो, जेवण दारातच वाढतात, आणि घरधनी आधी तिच्या पाया पडतो.