तेलातला राजा

एका राज्यात भद्रायुध नावाचा राजा होता, आणि त्याला नको तिथे हसू येत असे. एकदा कृष्णकेतू नावाचा मांत्रिक त्याच्या पंक्तीला बसला. पानात तळलेली मासळी आली. मांत्रिकाने घास उचलला, तोच वरचे कुरकुरीत आवरण निसटून त्याच्या दाढीत अडकले. राजा खदखदून हसला.

मांत्रिक उठला. "आता उघड्या अंगाला तेल कसे लागते ते तूच पाहा," असे म्हणून त्याने पाणी शिंपडले. राजाचा मासा झाला आणि पाटावर तडफडू लागला.

राणी कुवलयेने मासा उचलून घंगाळातल्या पाण्यात सोडला. तिचे डोळे लाल झाले होते. "एका हसण्यापायी जीव घेतोस?"

"तीन पदार्थ तळ," मांत्रिक म्हणाला. "वांगे, मांस आणि तिसरा हा. आचाऱ्यांनी हात लावायचा नाही. तिन्हींचे आवरण टिकले, तर हा माणूस होईल. केसभर जरी सुटले, तर मी याला खाईन."

राणीने जन्मात चूल पेटवली नव्हती. तिने वांग्याचे काप पिठात बुचकळून तेलात टाकले. पीठ एकीकडे, काप दुसरीकडे. तिने झारा भिंतीवर आपटला, राजाला बोल लावले, मांत्रिकाला शिव्या घातल्या. ती दमून थांबली, तेव्हा आढ्यावर बसलेली एक साळुंकी बोलली.

"राणीसाहेब, वांग्याला पाणी सुटते. मीठ लावून ते गळू द्या. कोरडे पुसा. तांदळाचे पीठ भुरभुरवा, मग रव्यात घोळवा."

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही ओरडत होतात."

राणीने तसे केले. काप खमंग उतरले.

मांसाच्या वेळी साळुंकी म्हणाली, "आधी कोरडे पीठ, मग फेटलेले अंडे, वरून वाळल्या पावाचा चुरा. पीठ मांसाला धरते, अंडे पिठाला, चुरा अंड्याला. मग थोडे ठेवून द्या, म्हणजे आवरण बसते." तेही साधले. मांत्रिकाने नखाने टोकरून पाहिले. भेग सापडली नाही.

मग राणीने मासा हातात घेतला. त्याचा गोल डोळा तिच्याकडे पाहत होता. संतापाने तिचे तळवे घामेजले आणि त्यांत पिठाच्या गुठळ्या झाल्या.

"हात तापलेत," साळुंकी म्हणाली.

"मग हा राग कुठे ठेवू?"

"तोंडात ठेवा. हातात नको."

राणीने हात थंड पाण्यात बुडवले, कोरडे केले आणि बोलायला लागली. बोटे हळुवार पीठ लावत होती, अंडे माखत होती, चुरा दाबत होती. आणि तोंडाने ती मांत्रिकाच्या सात पिढ्या उद्धरत होती.

"पुरे. सोड तेलात," मांत्रिक गुरगुरला.

"नाही. आवरण अजून ओले आहे. चुलीपाशी माझा हुकूम चालतो. तू बस."

मांत्रिक बसला. चुरा पक्का बसल्यावरच तिने मासा तेलात सोडला. तेल गर्जले. एक बाजू घट्ट होईपर्यंत तिने त्याला हलवले नाही, आणि बोलणेही थांबवले नाही. मग तो उलटवला, आणि दोन्ही बाजूंनी सोनेरी झालेला मासा ताटात काढला.

मांत्रिकाने नख मारले. नखच तुटले, आणि त्यातली विद्या धूर होऊन धुराड्यातून निघून गेली. पगडी तिथेच टाकून तो उघड्या डोक्याने वेशीकडे चालू लागला. मग आवरण आपोआप उकलले आणि राजा उभा राहिला. केसांत चुरा होता, अंगावर फोड नव्हता. नगारखान्यात नगारा वाजला.

राजा या खेपेला हसला नाही. "आत काळोख होता," तो म्हणाला. "बाहेर तेल उकळत होते. पण तू मांत्रिकाला बोलत होतीस ते सारे ऐकू येत होते. म्हणून भीती वाटली नाही."

राणी हात धूत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

"त्यातले निम्मे तुम्हाला होते," ती म्हणाली.