तीन आट्यांवरची खुर्ची

सभापती धैर्यशीलराव आपली जुनी जीप घेऊन मिरजेला इलाही मिस्त्रीकडे आले. चाकं बाजूला बाहेर आलेली दिसून रुबाब वाढावा म्हणून त्यांनी चाकामागे बसवायच्या जाड चकत्या, स्पेसर, आणले होते.

मिस्त्रीनं माप घेतलं. "साहेब, स्पेसरनं जागा खाल्ली. चाक धरणाऱ्या स्टडवर नट तीनच आटे बसतोय, चाक निघून जाईल. लांब स्टड मागवतो, चार दिवस द्या."

"तीन आटे भरपूर झाले! मिरवणूक उद्या आहे."

मिस्त्री "बरं" म्हणाला. त्यानं तुळईतल्या हुकाचा नट सैल करून तीन आट्यांवर आणला, हुकाला जुनं इंजिन टांगलं आणि बरोबर त्याखाली खुर्ची मांडली.

"काम होईस्तोवर बसा, साहेब. चहा सांगतो."

सभापतींनी बराच वेळ वर पाहिलं.

"चहा बाहेर सांग," ते म्हणाले, "आणि स्टड मागव. मिरवणुकीत मी चालतो."