ठकूची फुलं

कांदणवाडीच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळपठारावर, दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, तरी एक फूल टिकून राहतं. बोराएवढं, सायीच्या रंगाचं, हातात घेतलं तर कागदासारखं कुरकुरणारं. तोडून वर्षभर फडताळात ठेवा, आहे तसंच. पाहुण्यांनी नाव विचारलं की देवळातले गुरवआजोबा "ठकूची फुलं" म्हणतात आणि काठी टेकून खाली बसतात. मग गोष्ट ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नाही.

ठकूचा नवरा सटवाजी गडावरच्या शिबंदीत होता म्हणे. लढाईला निघाला तेव्हा ती सड्यापर्यंत पोचवायला गेली आणि त्याच्या देखत तिने ही फुलं अंबाड्यात खोवली. तिसऱ्या दिवशी माणसं परतली, सटवाजी नाही. त्याचं प्रेतही कुणी पाहिलं नव्हतं. तरी गावाला घाई सुटली. माणूस शोधायला कुणाला सवड नव्हती, बाईचं डोकं उघडं करायला सगळे मोकळे.

पाटलाने देवळापुढे गाव गोळा केलं आणि फुलं काढायला सांगितलं. ठकू मान वर करून उभी राहिली.

"ही सुकली की काढीन. तवर कुनी हात लावायचा न्हाई. भंडारा उचला."

चार दिवसांचा तर प्रश्न, म्हणून पाटलाने देवीचा भंडारा उचलून शब्द दिला. सड्यावर गवत कापायला बायाच जायच्या. हे फूल कसलं ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनेही तोंड उघडलं नाही.

दोन वर्षांनी सटवाजीचं कडं घरी आलं. शंकेला जागा उरली नाही. ठकू तीन दिवस रडली. बांगड्या तिने आपल्याच हातांनी वाढवल्या. पाटील दारात आला.

"आता तरी फुलं काढ, पोरी."

"शब्द फुलांवर दिला व्हता, पाटील. माज्या धन्याच्या जिवावर न्हाई. सुकली का बगा."

असं सांगतात की पाटलाने एक फूल बोटांनी चाचपलं. ते कुरकुरलं. भंडाऱ्याचा शब्द मोडायची त्याची छाती झाली नाही. तो आला तसा परत गेला. ठकू म्हातारी होऊन गेली, ती फुलं माळूनच.

आजही कांदणवाडीत कुणाचा नवरा गेला, की तेराव्याला शेजारणी सड्यावरून फुलं आणून तिच्या केसांत खोवतात. आजोबांच्या थोरल्या सुनेला तर त्यांनी स्वतः चढून जाऊन आणून दिली. गोष्ट संपता संपता तीच चहा घेऊन येते. फुलं किती दिवस ठेवायची, असं कुणी तिला विचारलंच, तर ती कपबशी पुढे करत म्हणते,

"सुकेपातूर."