पहिल्या घासाचा मानकरी

डोंगरापलीकडच्या एका राज्याची ही गोष्ट. किती जुनी ते मला विचारू नका, मी ऐकली तेव्हाच ती जुनी होती. त्या राज्याच्या राजवाड्यात एक भारी विचित्र रीत होती. राजा जेवायला बसला की त्याच्या ताटातला पहिला घास त्यानं स्वतः खायचा नाही. त्याच्यानंतर ज्याला गादी मिळणार, त्यानं तो खायचा.

आता तुम्ही म्हणाल, ही कसली रीत? अहो, डोकं लावून पाडलेली रीत होती ती. राजा मेला तर सगळ्यात जास्त फायदा कुणाचा? वारसाचा. मग विषाची भीती असेल तर त्यानंच आधी खाऊन दाखवावं! अशा वारसाला सगळे 'पहिल्या घासाचा मानकरी' म्हणत.

या राजाला मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ लढाईत गेला, तेव्हा त्याचा मुलगा सर्जेराव याला राजा-राणीनं पोटच्या पोरासारखं वाढवलं. तोच मानकरी झाला. रोज तो काकांच्या ताटाशी बसे, प्रत्येक पदार्थाचा घास घेई आणि वाटी पुढं सरकवून म्हणे, "काका, जेवा आता." राजा हसून जेवायला लागे. खरं सांगायचं तर सर्जेरावाला काही कमी नव्हतं.

मग रायाजी आला.

रायाजी म्हणजे एका साध्या शिपायाचा मुलगा. राज्याच्या धान्यकोठाराला आग लागली, तेव्हा हा पठ्ठ्या ओलं घोंगडं पांघरून आत शिरला आणि पोती बाहेर ओढत राहिला. राजानं बक्षीस देऊ केलं तर म्हणाला, "महाराज, धान्य गावाचं होतं. बक्षीस कशाचं?" झालं! राजा त्याच्यावर इतका खूश झाला की त्याला वाड्यातच ठेवून घेतलं.

सकाळी फेरफटक्याला रायाजी बरोबर. निवाड्याला बसताना रायाजी शेजारी. राजा त्याला नाना प्रश्न विचारी, मध्येच रागावून पाही, मुद्दाम चुकीचं बोलून पाही. रायाजी न घाबरता सांगे, "महाराज, हे मला पटत नाही." यावर राजा चिडायचं सोडून त्याची पाठ थोपटायचा.

आणि ती थाप बसायची रायाजीच्या पाठीवर, पण दुखायचं सर्जेरावाच्या पोटात.

"आज काकांनी त्याला स्वतःची शाल दिली," तो घरी येऊन बायकोला सांगे. "स्वतःची! अंगावरची!"

"अहो, थंडी वाजत असेल त्याला," बायको म्हणे.

"मला कधी दिली का?"

"तुमच्याकडं पेटीभर शाली आहेत. त्यातल्या निम्म्या काकांनीच दिल्यात."

"पण अंगावरची नाही दिली!"

आता बोला! मत्सर झालेल्या माणसाला असलंच सगळं दिसतं. मिळालेलं दिसत नाही. बायकोनं पुष्कळ समजावलं, "त्याला शाबासकी मिळाली म्हणून तुमचं काय कमी झालं? जेवून घ्या गरम गरम." पण सर्जेराव ऐकेल तर शपथ. रायाजी हसला तरी त्याला राग येई आणि रायाजी गप्प बसला तर जास्तच येई.

अशातच एके दिवशी राजानं भर दरबारात रायाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दसऱ्याला मला एक मोठी गोष्ट जाहीर करायची आहे. माझं आता वय झालं. या रायाजीसारखा माणूस सापडला, मी निर्धास्त झालो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर्जेरावाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे गादी याला! शिपायाच्या पोराला! रोज घास मी घ्यायचा आणि राज्य यानं करायचं? त्याला दरबारात बसवेना. त्यानं एकदाही काकांना विचारलं नाही, "काका, काय जाहीर करणार आहात?" विचारलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण मनानं उत्तर आधीच ठरवलं होतं, मग विचारतो कशाला!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजा जेवायला बसला. सर्जेरावानं नेहमीसारखे घास घेतले. खिरीचाही घोट घेतला. आणि वाटी पुढं सरकवताना नखात धरून ठेवलेली एका विषारी मुळीची पूड हळूच खिरीत सोडली.

"काका, जेवा आता," तो म्हणाला. त्याचा आवाजसुद्धा हलला नाही.

राजा रात्री आजारी पडला आणि पहाटे गेला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, त्यांना काही समजलं नाही. संशय तरी कुणावर घेणार? पहिला घास घेणारा सर्जेराव तर सगळ्यांसमोर धडधाकट उभा होता, आणि रडतही होता.

सर्जेराव राजा झाला. त्यालाही मूल नव्हतं, तेव्हा त्याचा मानकरी कोण, हा प्रश्न आला. गेलेल्या राजाच्या राणी, थोरल्या राणीसाहेब, पांढऱ्या लुगड्यात दरबारात आल्या आणि एवढंच बोलल्या, "रायाजीला नेमा." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही म्हणायला नव्या राजाजवळ कारण नव्हतं.

आणि आता खरी गंमत पाहा. गादी मिळाल्यावर पहिल्या दिवशी तो जेवायला बसला. रायाजीनं मनापासून घास घेतले, खिरीचा घोट घेतला, वाटी सरकवली आणि म्हणाला, "महाराज, जेवा."

सर्जेरावाचा हात ताटापर्यंत जाईना. तो रायाजीच्या नखांकडं बघत राहिला.

त्या दिवशी तो उपाशी उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं रायाजीला अर्धं ताट खायला लावलं, तरी मन घेईना. मग फळं मागवली, ती स्वतः धुतली, तरी ती कुणी तोडली असतील, हा विचार आलाच. बायकोनं स्वतःच्या हातानं भाकरी करून आणली, तर तिलाच विचारतो, "तू एवढा आग्रह का करतेस?" ती बिचारी भाकरी ठेवून रडत निघून गेली. राज्यातली सगळी पक्वान्नं त्याच्यापुढं येत होती आणि हा माणूस वाळत चालला होता.

समोर रायाजी मात्र रोज चवीनं घास घेई, म्हणे, "आज वांग्याची भाजी छान झालीय, महाराज." त्याचं ते निश्चिंत खाणं बघून सर्जेरावाचा असा जळफळाट होई! गादी मिळवली, पण जळायचं काही थांबलं नाही.

वर्षानं पुन्हा दसरा आला. दरबारची पंगत बसली. रायाजीनं खिरीचा घोट घेऊन वाटी सरकवली, तोच सर्जेरावानं त्याचं मनगट पकडलं.

"काय टाकलंस?"

"काही नाही, महाराज. मी आत्ताच सगळ्यांसमोर प्यालो."

"प्यालास म्हणून काय झालं?" सर्जेराव ओरडला. "पिऊन झाल्यावर वाटी सरकवताना नखातून पूड सोडता येते! कुणाला कळत नाही! वैद्यालासुद्धा कळत नाही!"

रायाजीनं ती वाटी उचलली, तोंडाला लावली आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. त्याला काहीही झालं नाही.

मग म्हातारे वैद्यबुवा काठी टेकत उठले. "महाराज," ते म्हणाले, "मला कळलं नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

एकेकाच्या लक्षात येत गेलं. सर्जेरावाला बाहेर पळायला वाट नव्हती. तो तिथंच खाली बसला.

थोरल्या राणीसाहेब त्याच्याजवळ आल्या. रागावतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या रडत होत्या.

"सर्जा," त्या म्हणाल्या, "त्या दसऱ्याला ते काय जाहीर करणार होते, माहीत आहे? गादी सोडून तुला बसवणार होते. जिवंतपणीच, स्वतःच्या हातानं. त्यांना काळजी एकच होती. म्हणायचे, माझ्या ताटाला सर्जा आहे, पण सर्जाच्या ताटाला कोण? म्हणून या रायाजीला पारखत होते रे. तुझ्या जिवासाठी."

सर्जेरावानं मान वर केली. समोर रायाजी उभा होता. ज्याच्यावर तो इतके दिवस जळला, तो माणूस काकांनी त्याच्यासाठीच शोधून ठेवला होता.

दरबारानं त्याला राज्याबाहेर घालवलं. गादी रायाजीला मिळाली. सर्जेरावाचं पुढं काय झालं कुणी सांगत नाही, पण राणीसाहेबांनी त्याच्यामागं हुंदका दिला, तो सगळ्यांनी ऐकला.

यातून घ्यायचं ते एवढंच, बाबांनो: दुसऱ्याच्या पाठीवरची थाप बघून जळू नका, कधी कधी ती तुमच्याच भल्यासाठी असते. आणि विश्वासघात करून वर चढलेल्या माणसाला मग जगात कुणावरच विश्वास ठेवता येत नाही, कारण आपण काय केलं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.