सुपभर कोंड्याचा मुलगा

विषय : मौजे सावरतर येथील जुन्या होडीच्या उताराला कै. कोंडू नावाडी यांचे नाव देणेबाबत.

यातला ‘कै.’ वादग्रस्त आहे. का, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हता तेव्हा, राघू भोयाच्या बायकोची, ठकूची मुलं जगत नव्हती. म्हणून कोंडू जन्मला तेव्हा तिनं गावाची रीत केली. सुपभर कोंडा घेऊन बाळ शेजारच्या सईतराला विकलं आणि मरणाला ऐकू जाईल अशी ओरडली, “ह्ये पोर माजं न्हवं गं बाई!” परक्याच्या पोराकडे मरण बघत नाही, असं म्हणतात. पोर वाढायचं आईजवळच. मिसरूड फुटलं की आईनं कोंडा परत करायचा, “माजं मला दे” म्हणायचं, की मूल पुन्हा तिचं.

त्याआधीच ठकू तापानं गेली. मरण फसलं होतं, पण रिकाम्या हातानं परतलं नाही.

राघूनं दुसरं लग्न केलं. मुलगे झाले. मिसरूड फुटल्यावर कोंडू म्हणाला, “आबा, मला सोडवून आणा.”

“इकल्याली वस्तू कुणी माघारी आणतं व्हय?”

तो सईतराकडे गेला. “काकी, मग मी तुमचा?”

“आरं लेकरा, ती मरणाला दिल्याली हूल हुती. तू त्येंचाच.” आतून तिच्या मुलांनी कडी घातली. जमिनीला आणखी वाटेकरी कोणाला हवा?

दोन्ही घरांनी प्रकरण मोठ्या मायेनं एकमेकांकडे वर्ग केलं.

शेवटी कोंडू स्वतःच सुपभर कोंडा घेऊन सईतराच्या उंबऱ्याशी उभा राहिला. “माजं मला द्या.”

पंच हसले. “इकल्याला पोरगा आन त्येला माघारी घेणारा येकच कसा रं? जा, आईला घिऊन ये.”

त्यानं उतारावरची होडी धरली, लोकांना नदीपार नेऊ लागला. पलीकडून लोक “नावाडी हो!” अशी हाक मारत. त्या हाकेला बापाचं नाव लागत नसे, म्हणून ती त्याला आवडे.

मग पटकीची साथ आली. मरण भरदुपारी घरोघर फिरलं, असं म्हणतात. राघू गेला, सईतरा गेली, हसलेले पंचही गेले. उतारावर येऊन मरणानं विचारलं, “कुणाचा रं तू?”

“त्येच इचारतुया जलमभर,” कोंडू म्हणाला. “तुला ठावं असंल तर सांग.”

मरणानं या घराकडे पाहिलं, त्या घराकडे पाहिलं आणि चालू लागलं.

कोंडू मागं धावला. “आरं, मला ने! मेल्याल्यांत तरी मोज!”

मरण थांबलं नाही. आईची युक्ती पुरेपूर लागू पडली होती.

अजूनही तो धुक्यात वल्हं मारतो, असं म्हणतात. आवाज येतो, होडी दिसत नाही.

आता पूल आहे. मिसरूड फुटलेली पोरं, आणि हल्ली पोरीही, गाव सोडताना पुलावरून मूठभर कोंडा टाकतात आणि “माजं मला दे” म्हणतात. खालून “कुणाचा रं तू?” असं ऐकू येतं म्हणे. कोणी बापाचं नाव सांगतं, कोणी कॉलेजचं. बरीचशी थेट एसटी गाठतात. कोंडा मासे खातात.

नाव देण्याचा अर्ज तालुक्याहून परत आला. वडिलांच्या नावाचा रकाना कोरा होता, आणि ‘कै.’ लिहिल्यामुळे मृत्यूचा दाखला मागितला होता. राघूच्या वंशजांना विचारलं, सईतराच्याही. दोन्हीकडचे म्हणाले, “आमचा न्हवं.” दाखला मिळण्यासारखा नव्हता. रकाना तसाच ठेवून अर्ज पुन्हा पाठवला आहे. तो प्रलंबित आहे.