सूपभर तूस

पूर्वी एक दगडपारखी वृद्ध समुद्रालगतच्या डोंगराळ मुलखात राहत असे. आता तुम्ही म्हणाल, दगडात पारखायचं ते काय? अहो, आहे! त्या मुलखात घर, देऊळ, विहीर, कुंपणाचा गडगा, सगळं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं. चिरा चांगला निघाला तर चार पिढ्या निवांत राहतात. भुसभुशीत निघाला तर दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीचं पोट सुटतं. म्हणून खाण कुठे उघडायची हे विचारायला लोक या वृद्धाकडे येत. सगळे त्याला आबा म्हणत. माणूस तिरसट, बोलणं मोजकं, आणि एकदा 'नाही' म्हणाला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी 'हो' म्हणायचा नाही.

रवळू हा त्याचा शिष्य. बारा वर्षं त्याने आबांची पिशवी वाहिली होती. तिशी उलटली, घरी बायको आणि दोन मुली, तरी लोक त्याला 'आबांचा रवळू' एवढंच म्हणत. हे त्याला आत कुठेतरी टोचत असे, आणि का टोचू नये?

एका फाल्गुनात बंदरावरचा एक मोठा व्यापारी आबांकडे आला. त्याला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधायची होती आणि शेजारी स्वतःच्या वखारी. हजारो चिरे लागणार होते. तो म्हणाला, "आबा, तुम्ही आता थकलात. या खेपेला पारख रवळू करेल. जागा चांगली निघाली तर खाणीचा मुकादम तोच." आबांनी मान डोलावली. रवळूला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

डोंगराच्या माथ्यावर विस्तीर्ण सडा होता; सडा म्हणजे खडकाळ, उघडं पठार. रवळूने आठ दिवस तो पायाखाली घातला. जागोजागी हातोडी मारून आवाज ऐकला, दगड फोडून रंग पाहिला. नवव्या दिवशी सड्याच्या मध्यावर त्याला मनासारखी जागा सापडली. टिकाव मारला तर खरवसात सुरी जावी तसा आत गेला. जांभा जमिनीत असताना मऊ असतो आणि बाहेर काढल्यावर ऊन-वारा खाऊन कठीण होतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. आणि इथे तर फाल्गुनातही दगड ओलसर होता! चिरे काढणारे कामगार खूश झाले. "रवळूभाऊ, इथे दिवसाला दुप्पट चिरे निघतील," ते म्हणाले. रवळूने चुन्याच्या रेघा मारून खाणीची हद्द आखली आणि आबांना व व्यापाऱ्याला बोलावणं धाडलं.

आबा काठी टेकत आले, मागोमाग व्यापारीही आला. रेघेच्या आतला एक खडा उचलून त्यांनी जिभेला लावला. मग इकडेतिकडे पाहून विचारलं, "सूपभर तूस मिळेल का कुठे?"

कामगार एकमेकांकडे पाहून हसले. "म्हाताऱ्यानं कोंबड्या पाळल्यान की काय?" कुणीतरी पुटपुटलं. तरी एकाने झोपडीतून भाताचं तूस आणून दिलं. आखलेल्या जागेत हातभर लांबीची एक भेग होती. आबांनी ते तूस तिच्यात ओतलं. मग गुरांच्या तळीवरून पाणी आणायला लावून चाळीस घागरी त्याच भेगेत रिकाम्या करवल्या. पाणी वर साचलं नाही. गडगड आवाज करत आत गेलं आणि दिसेनासं झालं. मग आबांनी खाणीकडे पाठ फिरवली आणि ते डोंगर उतरू लागले.

"आबा, जागा कशी वाटली?" रवळूने मागून धावत विचारलं.

"अजून पाहिली कुठे मी? पाहायलाच तर खाली चाललोय."

"खाण वर आणि पारखी चालले खाली! धन्य आहे," व्यापारी म्हणाला आणि तावातावाने बंदराकडे निघून गेला.

डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी होती. तिथे खडकाच्या कपारीतून अंगठ्याएवढी धार बाराही महिने पडत असे. वाडीतली सगळी माणसं, गुरं आणि माडाची रोपं तिच्यावरच जगत. आबांनी आपला पांढरा पंचा त्या धारेखाली झोळीसारखा बांधला आणि फणसाच्या सावलीत बैठक मारली. बायका पाण्याला आल्या की पंचा सोडायचा, गेल्या की पुन्हा बांधायचा, हे काम रवळूकडे.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा निरोप घेऊन आला: उद्यापर्यंत काय ते सांगा, नाहीतर दुसरा मुकादम पाहतो. रवळूचा धीर सुटला. "आबा, बारा वर्षांनी माझं नशीब उघडतंय आणि तुम्ही मला इथे पंचा राखायला बसवलंत. तुम्हाला माझं बरं बघवत नाही का?" बोलून गेला आणि त्याचाच चेहरा उतरला. आबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "पंचा ढिला झालाय. घट्ट बांध."

तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीतली एक म्हातारी कळशी घेऊन आली, धारेशी वाकली आणि ओरडली, "अगो बाय! पाण्यात तूस खयसून इला? मेल्यांनो, पिवचा पाणी आसा ह्या!"

रवळू धावला. पंच्याच्या पांढऱ्या कापडावर सात-आठ पिवळट तुसं चिकटली होती. तो पाहत असतानाच धारेबरोबर आणखी दोन आली. मग आणखी चार. त्याने एक तूस बोटावर घेतलं. त्याने मान वर केली. डोंगर डोक्यावर उभा होता. सडा इथून दिसतही नव्हता. एवढ्या उंचावरून, एवढ्या दगडातून, सूर्य नसलेल्या वाटांनी हा एवढासा कण खाली आला होता आणि बरोबर या कपारीशी पोचला होता. ज्या दगडावर तो आठ दिवस हातोडी मारत फिरला, त्याच्या पोटात एवढा मोठा प्रवास चालला होता, आणि हातोडीच्या आवाजाला त्याचा पत्ताही नव्हता. रवळूच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्याने नकळत हात जोडले.

"आबा," तो हळूच म्हणाला, "मग ही धार कधीच्या पावसाची?"

"भेगेतून उतरलेलं पाणी तीन दिवसांत आलं. पण दगडाच्या अंगातून झिरपतं ते गेल्या आषाढातलं असेल, त्याच्या आधीच्याही आषाढातलं असेल. मला ठाऊक नाही, बाबा. एवढं आयुष्य गेलं, पण ते मला अजून कळलेलं नाही." आबांनीही धारेला हात जोडले.

मग ते म्हणाले, "रवळू, दगड तू उत्तम पारखलास. मऊ आहे, ओला आहे, हे बरोबर पाहिलंस. पण फाल्गुनात तो ओला का, हे विचारलं नाहीस. तुझ्या वयाचा असताना मीही विचारलं नव्हतं. माझ्याच गावच्या सड्यावर असाच ओला दगड मी निवडला. साऱ्या गावाने त्याची घरं बांधली, माझी आरती ओवाळायचीच काय ती बाकी ठेवली. पाणी धरून ठेवणारा दगडच निघून गेला आणि चौथ्या वर्षी झरा आटला. ती घरं अजून उभी आहेत, एक चिरा ढळलेला नाही. पण त्यातल्या एकाही घरात आज चूल पेटत नाही." पंच्यावरचं एक तूस उचलून ते म्हणाले, "दगड काढूच नये असं नाही. मीही चिऱ्यांच्याच घरात निजतो. पण खाण केवढी, ते खड्ड्याच्या काठावरून कळत नाही. तिची झळ जिथवर पोचते, तिथवर आधी आपण चालत जायचं असतं."

दुपारी व्यापारी स्वतःच आला. उन्हाने लाल झालेला, घसा कोरडा. म्हातारीने राग विसरून त्याला तांब्याभर पाणी दिलं. दोन घोट पिऊन त्याने ओठावरून काहीतरी काढलं आणि तोंड वाकडं केलं. "तूस! असलं पाणी पिता तुम्ही?"

रवळूने आबांकडे पाहिलं. आबा मुद्दाम फणसाकडे बघत बसले होते. एक वाक्य बोललं की मुकादमकी गेली, हे रवळूला स्वच्छ दिसत होतं. त्याला घरच्या दोन मुली आठवल्या. मग समोरच्या कळशांची रांग दिसली.

"शेटजी," तो म्हणाला, "हे तूस तुमच्या खाणीतलं आहे."

त्याने सगळं सांगितलं. व्यापाऱ्याने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा हातातल्या तांब्याकडे, आणि राहिलेलं पाणी सांभाळून, एक थेंब न सांडता तो प्याला.

"मग माझी धर्मशाळा काय हवेत बांधू?" शेवटी त्याने विचारलं.

"सड्याच्या दक्षिण टोकाला कोरडा दगड आहे. टणक आहे, टिकाव बोथट होतील, काम दुप्पट दिवस चालेल. तीन थर काढायचे, चौथ्याला हात लावायचा नाही, आणि खड्डा मातीने भरून द्यायचा. पण त्याच्याही आधी तिथे तूस ओतायचं. ते कुठे निघतं, निघतं की नाही, हे पाहिल्याशिवाय मी चुन्याला हात लावणार नाही."

"त्याला किती दिवस?"

"पाण्याला लागतील तेवढे."

व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. "एक म्हातारा पुरत नव्हता, आता दोन झाले!" पण जाताना तो वळून म्हणाला, "तूस मी पाठवून देतो. मुकादमकीचं मग बघू."

संध्याकाळी रवळू एकटाच सड्यावर चढला. स्वतः मारलेली चुन्याची रेघ त्याने ओंजळीने माती घालून, हाताने घासून पुसली. मग त्या भेगेशी बसून दगडाला कान लावला. काहीच ऐकू आलं नाही. तरी तो बराच वेळ तसाच बसून राहिला.

आपल्याही डोंगरावर उद्या कुणी चुन्याची रेघ मारली, तर हरकत नाही. फक्त आपण आधी खाली उतरून झऱ्याशी तीन दिवस बसावं.